बारीक पाइपाने प्रेशर वाढतं? नाही हो!

आमच्या रामबागेतल्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय: 'गच्चीवरच्या टाकीपासून बाथरूमपर्यंत अर्धा इंचीच पाइप टाका, पाइप बारीक केला की प्रेशर वाढतं. बागेतल्या नळीचं तोंड बोटाने दाबून बघा!'

हे चूक आहे. बोट दाबल्यावर धार लांब जाते खरी, पण त्याच नळीखाली बादली ठेवा, ती भरायला जास्त वेळ लागेल. शिवाय तिथे फक्त तोंड बारीक असतं, अख्खी नळी नाही. अख्खी लाइनच बारीक केली, तर पाणी वाहताना पाइपाच्या भिंतीशी घासून जोर वाटेतच संपतो.

जोर मिळतो तो टाकीच्या उंचीमुळे. दहा मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर १ किलो). वरच्या मजल्यावरच्या शॉवरपेक्षा टाकीतलं पाणी जेमतेम दीड मीटर वर असेल, तर मिळणार ०.१५ किलो. एवढंसं असलेलंही घर्षणात घालवायचं?

१५ मिमी, म्हणजे अर्धा इंची सीपीव्हीसीचं (नळासाठीचा प्लास्टिक पाइप) आतलं भोक साडेबारा मिमीच्या आसपास, २० मिमीचं, म्हणजे पाऊण इंचीचं, अठरा. म्हणजे पाणी जायची जागा दुपटीहून जास्त! तेव्हा टाकीतून खाली एक किंवा सव्वा इंची, बाथरूमची लाइन आणि शॉवरच्या मिक्सरपर्यंत पाऊण, आणि बेसिन, फ्लश टाकीच्या शेवटच्या हातभर तुकड्याला अर्धा इंच. एल्बोही (वळणाचे जोड) कमीत कमी. मिस्त्री 'आधा ही चलता है' म्हणेल. त्याला काय, अंघोळ तुम्हाला करायचीय.

उंचीच कमी असेल तर मात्र जाड पाइपही चमत्कार करत नाही. टाकी उंच करा, नाहीतर प्रेशर पंप.