गाजर गवतावर मिठाचा उतारा शिरोळच्या बांधावर नको

‘गाजर गवत कायमचे संपवा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या कोल्हापूर परिसरात फिरतो आहे. शिरोळच्या माझ्या थोरल्या वहिनींनी तो वाचून मुलाकडून उसाच्या बांधावर मिठाचे पाणी फवारून घेतले, तेव्हा मला गप्प बसवेना. संदेश म्हणतो की 16 लिटरच्या पंपात 3 किलो मीठ घालून एकदा फवारले की हे गवत पुन्हा उगवत नाही. हेच गवत जनावरांना घातल्यास दूध वाढते, असेही त्यात आहे. पानांच्या काढ्याने रक्तातील साखर उतरते. आणि अमेरिकेने हे बी गव्हातून मुद्दाम धाडले.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने मिठाचे 15 ते 20 टक्के द्रावण सुचवलेले आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. परंतु ते पडीक जागांसाठी आहे, आणि नेमके तेवढेच संदेश लिहिणाऱ्याने गिळले. मीठ उभे झाड करपवते. त्या झाडाने आधीच टाकलेल्या 15 ते 25 हजार बिया मातीत तशाच राहतात, पावसाला पुन्हा उगवतात आणि पुन्हा 3 किलो मीठ आणावे लागते. ज्या शिरोळ तालुक्यात उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या, जेथे सोडियममुळे काळ्या मातीची घडण मोडून निचरा बंद पडतो आणि शेतकरी पदरचे पैसे घालून जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाकतो, तेथे आपल्या हाताने मिठातून आणखी सोडियम ओतायला सांगणाऱ्याने शिरोळची जमीन पाहिलेली नसावी.

दुधाचे म्हणाल, तर या गवताने दुधाला कडवट चव येते. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारा पहिल्या घोटातच पेला खाली ठेवील.

काढ्याचा सल्ला तर घातकच आहे. संदेशासोबतच्या छायाचित्रात चक्क जोतिबाला वाहतात तो दवणा आहे! कोवळ्या गाजर गवताचे चिरलेले पान वरवर तसे वाटते खरे. पण दवण्याचे पान रुपेरी झाकेचे असते आणि चुरगळले की घमघमते. गाजर गवताला तो सुगंध नाही, खोडावर उभ्या रेषा व लव असते आणि शेंड्याला बारीक पांढरी फुले येतात. गाजर गवतातील पार्थेनिन या विषारी द्रव्याने त्वचेवर चट्टे उठतात, मग ते पोटात कशासाठी घ्यायचे?

गव्हाची कथा अर्धी खरी असावी. पुण्यात हे तण 1955 च्या सुमारास नोंदले गेले आणि आयात धान्याबरोबर बी आल्याचे बरेच अभ्यासक मानतात. परंतु धान्यात मिसळून आलेले बी म्हणजे कट नव्हे.

वहिनींच्या बांधासाठी उपाय साधा आहे. पावसाने माती ओली असताना, फुलोरा येण्यापूर्वी, हातमोजे घालून झाडे मुळासकट उपटावीत. फूल आलेले नसेल तर ती कंपोस्ट खड्ड्यातही चालतात. पाने कुरतडणारे मेक्सिकन भुंगेरे दिसले, तर त्यांच्यावर कीटकनाशक मारू नये. ते याच कामासाठी 1980 च्या दशकात भारतात आणले गेले. मोकळ्या झालेल्या जागेवर पावसाळ्यापूर्वी टाकळ्याचे बी फेकावे, म्हणजे गाजर गवताला जागा उरत नाही आणि कोवळ्या पाल्याची भाजीही होते.