आग्नेय कोपरा आणि कूलरची हवा

नागपुरात शेगडी कुठे बसवायची हे ठरवण्याआधी कूलर कुठून हवा फेकतो ते पाहावं लागतं. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की स्वयंपाकघरात कूलरची हवा हवीच, नाहीतर पोळ्यांआधी पोळ्या करणारीच भाजून निघते. आमची पंचाईत अशी, की हॉलमधल्या कूलरचा झोत थेट आग्नेय कोपऱ्यावर येतो. आणि अग्नी तर आग्नेयेलाच हवा. आईने वास्तुशास्त्र सोडलं नाही, बायकोने कूलर सोडला नाही. ज्योत बिचारी दोघींच्या मध्ये विझत राहिली.

ज्योत विझली तरी गॅस येतच राहतो, खरी धास्ती ती. म्हणून ओट्यात बसणारा हॉब घ्यायचं ठरलं, तोही ज्योत विझली की आपोआप बंद होणारा. बर्नरशेजारी धातूची छोटी कांडी असते. ती तापलेली असेतोवर गॅसची वाट उघडी, थंड पडली की थोड्या वेळात बंद. फक्त पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो. आई म्हणाली, "म्हणजे आता शेगडीची पण मनधरणी करायची!"

बसवायला आलेला पोरगा मोठा गोड होता. मला 'काकाजी' म्हणाला, तेवढं सोडून. खोक्यातून निघालेला कागदी साचा त्याने घडी करून खिशात घातला आणि ओट्यावर वितेने माप घ्यायला लागला.

"भाऊ, हे ग्रॅनाइट आहे, कणीक नाही," बायको म्हणाली. "चुकलं तर परत मळता येत नाही."

साचा खिशातून बाहेर आला. मग ग्राइंडर सुरू झाला आणि ग्रॅनाइटचा मसाला पुढे बरेच दिवस वरणात लागत होता.

भोक बरोबर पडलं. पण खालच्या कपाटात सिलिंडर आणि ड्रॉवर दोन्ही काही मावेना.

"सिलिंडर आडवं टाकू का काकाजी? ड्रॉवर मस्त बसते मग."

आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव नळीत उतरतो, हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "काही नाही होत." त्याच्या सगळ्या सुरक्षा-नियमावलीचं हे पहिलं आणि शेवटचं कलम होतं. ड्रॉवर रद्द झाला.

कपाटाची जाळी सुताराने वरच्या बाजूला बसवली होती, शोभेसाठी. ती खाली घ्यायला सांगितली, तर हा पोरगा म्हणतो, "गॅस वरच जाते ना काकाजी, धूर कुठे जाते?" घरगुती गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो आणि ठिणगीची वाट पाहत बसतो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला झाडाची संत्री जमिनीखालून खणायला सांगितली. पण खाली भोकं पाडून दिली.

जुनी हिरवी रबरी नळी "अजून दोन वर्षं चालते" म्हणून तो परत जोडणारच होता. तिला बोटाने वाकवलं तर भेगा दिसत होत्या. बायकोने आधीच आणून ठेवलेली केशरी सुरक्षा नळी त्याच्या हातात दिली. दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये सांधा नको, आणि तिच्यावर छापलेल्या तारखेपासून पाच वर्षांनी तिलाही निरोप.

तेवढ्यात शेजारचे मामाजी काडेपेटी घेऊन हजर. "जरा काडी लावून पाहू, गळत असेल तर लगेच समजते." लगेच समजतंच, त्यात शंका नाही, फक्त समजून घ्यायला कोण उरतं हा प्रश्न. मामाजींना चहा देऊन दूर बसवलं. बायकोने साबणाचं पाणी केलं, सगळे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर सुरू केला आणि प्रत्येक सांध्यावर फेस लावला. हॉबखालच्या क्लिपपाशी टपोरे फुगे आले. क्लिप आवळली, पुन्हा फेस लावला, फुगे थांबले. मामाजी म्हणाले, "काडीनेही हेच दिसलं असतं."

मुहूर्ताला आईने दूध चढवलं. ते रीतसर उतू गेलं, सगळ्यांनी हात जोडले, आणि दुधाने ज्योत विझवली. कांडी थंड पडली, गॅस बंद. आईने पुन्हा पेटवलं, नॉब लगेच सोडला, पुन्हा बंद.

"नवीन शेगडी आणि पहिल्याच दिवशी विझते? अपशकुन आहे हा. बोलाव त्या पोराला."

मी फोन लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"टेन्शन नका घेऊ काकाजी. उद्या येतो अन् ते सेन्सरच काढून टाकतो. काही नाही होत."