खुनी आला की आली?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने पाय उशीवर टाकून पडायची शिक्षा झाली होती. त्या दोन महिन्यांत मी शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या हेरकथा आणि गूढकथा इतक्या वाचल्या, की व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलाच्या बुटांवरचा चिखल बघून तो कुठून आला हे मी त्यालाच सांगू लागलो. दर वेळी चुकायचं. तो बिचारा हो म्हणायचा, कारण त्याला माझा गुडघा वाकवून मोकळं व्हायचं असायचं.

मग एका दुपारी शेवटचं पुस्तक मिटलं आणि मनात आलं, यात आहे काय एवढं? एक जुनी हवेली, एक वादळ, एक प्रेत. आपणही लिहू की! नुसती नक्कल नाही, कोरी करकरीत कथा, पण जुन्या घराण्यातली. आणि लिहायचीच तर दोन्ही घराण्यांची मिळून एक: अर्धी हेरकथा, अर्धी गूढकथा.

ही दोन घराणी एका छपराखाली नांदत नाहीत हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. हेरकथेला पै-पैचा हिशेब लागतो. ही राख कुणाच्या चिरुटाची, घड्याळ सव्वादोनलाच का थांबलं, शेवटच्या पानावर सगळ्याची वसुली. गूढकथेत खुलासा केला की कथा मेली. तिथं दार आपोआप उघडतं, आणि बिजागरी सैल असेल असं कुणी म्हणायचं नसतं. त्यामुळे पहिला आठवडा मी सकाळी गाठी मारायचो आणि संध्याकाळी त्याच सोडवत बसायचो.

माझी पहिली वाचक म्हणजे ताई. ताईनं पस्तीस वर्षं ऑडिट केलंय. तिच्या एका हातात लिहिलेला कागद आला की दुसऱ्या हातात आपोआप पेन्सिल येते. हेरकथा ती शेवटचं पान आधी वाचून मग सुरू करते. "आधी ताळेबंद बघायचा, मग नोंदी," असं तिचं म्हणणं. अशा बाईला मी माझी कथा दाखवायला गेलो, यावरून भूल अजून पुरती उतरली नव्हती हे उघड आहे.

सुरुवात मात्र शास्त्रशुद्ध केली. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी १९२९ साली हेरकथेचे दहा नियम घालून दिले होते. ते कागदावर उतरवून टेबलासमोर चिकटवले आणि आपली पहिली चार पानं त्यांच्याशी ताडून पाहिली. नियम सांगतो, भुताखेतांना मज्जाव. माझ्याकडे पहिल्याच पानावर काहीतरी जिन्यात श्वास घेत होतं. ते ठेवलं, कारण अर्धी कथा त्याच्याच जिवावर होती. नियम सांगतो, जगाला ठाऊक नसलेलं विष वापरू नये. मी माझं विष रद्द करून त्या जागी पितळी मेणबत्तीदाण ठेवलं. नियम सांगतो, पूर्वसूचना न देता जुळे भाऊ आणू नयेत. माझ्या वकिलाला एक जुळा भाऊ होता, तो काढला. आणि चोरवाट एकच चालते. माझ्या हवेलीत दोन होत्या. एक बुजवली. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, की चौथ्या पानावर बटलर त्याच वाटेनं आत गेला होता. आता तो बाहेर यायचा कुठून? म्हटलं, सकाळी बघू.

साथीदाराबद्दलही नियम आहे. त्याची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच, कमी हवी. हा नियम पाळायला सगळ्यात सोपा गेला. मी सरळ माझ्याच मापाचा साथीदार बेतला. ताईनं 'किंचित' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. बोलली काही नाही.

पण हे सगळं परवडलं. खरा छळ मांडला तो मराठीनं.

इंग्रजी लेखकाचं बरं असतं. कुणीतरी दार उघडून आत येतं, चालतं, थांबतं, खून करतं आणि निघून जातं. तो पुरुष की बाई हे शेवटपर्यंत गुलदस्त्यात. मराठीत 'खुनी आत आला' लिहिलं की निम्मे संशयित घरी गेले. 'आली' लिहिलं की उरलेले निम्मे. बरं, 'ती व्यक्ती' म्हणावं, तर व्यक्ती स्त्रीलिंगी. दोन पानं 'ती आली, ती वाकली, ती दबकत पुढे सरकली' असं वाचल्यावर कोणता वाचक कर्नलसाहेबांवर संशय घेईल?

मग एक पळवाट सापडली. 'खून करणाऱ्यानं' म्हटलं की पुरुष येतोच, पण 'कुणीतरी' म्हटलं आणि पुढे सकर्मक क्रियापद ठेवलं की झाकली मूठ राहते. 'कुणीतरी खिडकी उघडली. कुणीतरी दिवा मालवला. कुणीतरी मेणबत्तीदाण उचललं.' यात उघडली ती खिडकी आणि मालवला तो दिवा. खुनी सुरक्षित. फक्त एवढंच, की अशा खुन्याला येता येत नाही, बसता येत नाही, पळता येत नाही, शिंकताही येत नाही. तो बिचारा रात्रभर वस्तू उचलतो आणि ठेवतो. तीन पानांनंतर तो खुनी न वाटता सामान हलवायला आलेला हमाल वाटू लागला.

शेवटी नपुंसकलिंगाला शरण गेलो. 'कुणीतरी आलं.' वा! किती गूढ! इथं मला एडगर ॲलन पोचा हेवा वाटला. आधुनिक हेरकथेचा पाया म्हणतात ती त्याची कथा १८४१ सालची, आणि त्यातला खुनी (एवढ्या वर्षांनी सांगायला हरकत नसावी) चक्क एक ओरांगउटान आहे. पो मराठीत लिहीत असता तर 'माकड' नपुंसकलिंगी म्हणून निर्धास्तपणे 'खिडकीतून काहीतरी शिरलं' लिहून झोपी गेला असता. माझी खुनी मात्र हवेलीच्या मालकिणीची भाची होती. तिला अकरा पानं 'आलं-गेलं'मध्ये गुंडाळून ठेवायचं म्हणजे दातखीळ बसेपर्यंत सावध राहणं. आणि अकराव्या पानावर माझी डुलकी लागली असावी. 'कुणीतरी जिना उतरलं, दिवा मालवला आणि वाकून बघू लागली.'

लागलं नाही, लागली. एका वेलांटीनं खून उघडा पडला. कारण हवेलीत बायका दोनच, आणि त्यातली एक गालिच्यावर मरून पडलेली.

ताईनं त्या वेलांटीभोवती छोटं वर्तुळ काढलं आणि समासात लिहिलं: 'भाची'. पुढची नऊ पानं तिनं निवांत, पाय हलवत वाचली.

खुनी कोण हे कळल्यावर तिला काय म्हणून हाक मारायची हा प्रश्न उरतोच. दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून गुप्तहेर बोट रोखतो. 'तू खून केलास!' हे मामानं भाचीला झापल्यासारखं वाटतं. 'तुम्ही खून केलात!' यात मेहनतीचं कौतुक डोकावतं. 'आपण' वापरून पाहिलं, तर सत्काराचं भाषण सुरू झाल्यासारखं वाटू लागलं. शिवाय आपण म्हणजे तुम्ही की आपण सगळे? गुप्तहेर स्वतः गुन्हेगार असता कामा नये, हाही नॉक्स यांचा नियम आहे. मी गुप्तहेराला नुसतं बोट रोखायला लावलं आणि वाक्य काढून टाकलं.

गूढ भागात तरी नपुंसकलिंग कामी येईल अशी आशा होती. नाव नसलेल्या भयासाठी 'ते' यासारखा शब्द नाही. ते बघत होतं. ते थांबलं. अंगावर काटा येतो की नाही? पण कोकरू, वासरू, पिल्लू हीसुद्धा 'ते'च. त्यात 'अंधारातून ते आलं' असं मोठ्यानं वाचल्यावर ताई म्हणाली, "आलं किसलेलं की अख्खं?" पुढच्या पानावर मोबाइलनं आपल्या मनानं अनुस्वार खाऊन मात्रा दिली होती. 'ते आले. ते जिन्यावर उभे होते.' माझं अनादी अनंत अघोर एकदम आदरणीय झालं. कुणीतरी खुर्ची द्या, असं वाटायला लागलं.

नावाचाही प्रयत्न केला. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकारानं १९२८ साली छापून आलेल्या कथेत एक राक्षसी देव आणला आणि त्याला 'क्थुलू'सारखं काहीतरी नाव दिलं. मानवी घशातून ते नीट उच्चारताच येणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला इंग्रजी लिपी होती, जमून गेलं. देवनागरीत जे लिहिता येतं ते म्हणताही येतं, ही तिची खोड. मी तासभर खपून 'ङ्ळ्ह्ञ' तयार केलं. कीबोर्डनं मध्येच एक ठिपक्यांचं वर्तुळ काढून हात टेकले. ताईनं मात्र ते नाव एका दमात वाचलं. आयुष्यभर लोकांच्या सह्या वाचलेली बाई ती.

आणि विशेषणं! गूढकथेत समोर जे दिसतं ते अवर्णनीय असावं लागतं. मी लिहिलं, 'ते अवर्णनीय होतं.' लिहून झाल्यावर लक्षात आलं, की विषयच संपला. पान भरायचं म्हणून त्यापुढे अर्धं पान वर्णन केलं. समासात पेन्सिल: 'वर काय म्हणालास?'

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण केंब्रिजच्या एम. आर. जेम्स यांच्याबद्दल वाचलं होतं. जुन्या हस्तलिखितांचे मोठे अभ्यासक. नाताळात मित्रांना आपल्या खोलीत जमवून मेणबत्तीच्या उजेडात स्वतःच्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवत. म्हटलं, कथा कागदावर पडत असेल, कानावर पडून बघू. ताईला अंधारात बसवलं, मेणबत्ती लावली, आणि तेव्हा कळलं की जेम्स यांचे डोळे माझ्यापेक्षा बरे असणार. अक्षरं दिसेनात. कागद जवळ नेला. चश्म्याच्या काचेवर ज्योत नाचायला लागली. आणखी जवळ नेला. जिन्यातला श्वास ऐन रंगात आला असताना तेराव्या पानाचा कोपरा तपकिरी झाला, मग वळला, मग पेटला. ताई उठली, पेल्यातलं पाणी पानावर ओतलं, दिवा लावला आणि म्हणाली, "आण इकडे. मीच वाचते."

त्या रात्री ती कागद घेऊन आपल्या खोलीत गेली. मी अंथरुणावर पडून मोठ्यांच्या चुका आठवत होतो. अशा वेळी तोच आधार. शेरलॉक होम्सचा साथीदार डॉक्टर वॉटसन, त्याच्या खांद्याला गोळी लागली होती, हे होम्सचा लेखक डॉयल यानं १८८७ साली लिहिलं. १८९० साली ती जखम पायात होती. रेमंड चँडलर या अमेरिकन हेरकथाकाराच्या १९३९ सालच्या कादंबरीवर सिनेमा काढताना दिग्दर्शकानं त्याला तार करून विचारलं, कथेतला तो ड्रायव्हर कुणी मारला? चँडलरलाही ते ठाऊक नव्हतं. ही माणसं अजरामर झाली. माझी तर एक वेलांटी गेली होती फक्त.

सकाळी ताई चहाच्या कपाशी बसली होती. डोळे लाल.

"झोपली नाहीस?"

"दोनदा उठले. तो कोट."

"कोणता कोट?"

तिनं दुसरं पान पुढे सरकवलं. वादळात पाहुणे हवेलीवर पोचतात, दारातल्या खुंट्यांवर ओले कोट अडकवतात. गुप्तहेर, त्याचा साथीदार, भाची, वकील, डॉक्टर, कर्नल. आणि पुढे माझंच वाक्य: 'सात कोटांतून पाणी ठिबकत होतं.'

"पाहुणे सहा," ताई म्हणाली. "मालकीण आणि बटलर घरातच होते, ते कोरडे. तीनदा टोटल मारली. पुढे वीस पानं कुणी त्या सातव्या कोटाचं नावही काढत नाही. सकाळी सगळे निघतात तेव्हा खुंट्या रिकाम्या. म्हणजे तो कुणीतरी घालून गेलं." तिनं शाल घट्ट ओढली. "बाकी तुझं ते श्वास घेणारं वगैरे ठीक आहे. पण हे फार वाईट लिहिलंयस रे. म्हणजे चांगलं."

मी कप उचलला. चेहरा शक्य तितका खोल केला. म्हणालो, "काही गोष्टींचा खुलासा करायचा नसतो, ताई."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं तिच्यासमोर बसून लोकांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्या नजरेत होत्या. मग तिनं सातवं पान काढलं. तिथं एका ओळीत 'वकिलानं' असं लिहिलं होतं आणि पुढच्याच ओळीत 'दोघा भावांनी'. त्याखाली पेन्सिलीची रेघ रात्रीच पडलेली होती.

"जुळा भाऊ होता ना आधी? माणूस काढलास, कोट राहिला."

मी रबर शोधायला लागलो.

"ठेव ते खाली," ताई म्हणाली. "कोट राहू दे."

मी रबर खाली ठेवलं. ती चौथं पान उलटून काहीतरी शोधत होती.

"आणि तो बटलर चोरवाटेनं आत गेला, तो पुढे दिसलाच नाही कुठे."

"ती वाट मी बुजवली."

ताई थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं पेन्सिल कानावर अडकवली.

"तोही राहू दे."