शाल मिळाली, खुर्ची मिळाली नाही

गेल्या महिन्यात ठाण्यातल्या एका कार्यक्रमात क्षयरोगातून बऱ्या झालेल्या आम्हा पाचजणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शालीबद्दल तक्रार नाही. मात्र औषध केंद्राची वेळ ठरवण्यासाठी पुढच्याच आठवड्यात जी बैठक झाली, तिला आमच्यापैकी एकालाही बोलावले नाही. वागळे इस्टेटमध्ये सकाळी सातच्या पाळीला जाणारा रुग्ण दहाला उघडणाऱ्या केंद्रावर कसा पोहोचणार, हे तिथे कोणीतरी विचारायला हवे होते.

माझे निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी सहा महिन्यांचा उपचार नीट समजावला होता : पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, आणि यकृताची काळजी. तरीही दुसऱ्या दिवशी लघवीचा नारिंगी रंग पाहून, रक्त जात आहे या भीतीने मी गोळ्या बंद करायला निघाले होते. केंद्रावर येणारे, स्वतः या आजारातून उठलेले एक काका फोनवर म्हणाले, "अहो ताई, तो रिफाम्पिसिनचा रंग. रडायचे असेल तर खुशाल रडा, पण पांढऱ्या ओढणीला डोळे पुसू नका, तिलाही डाग पडेल." त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

काकांचे सगळेच बरोबर होते असे नाही. मळमळते म्हणून भरपेट जेवून गोळ्या घ्या, असे त्यांनी सांगितले होते. वास्तविक रिफाम्पिसिन उपाशीपोटी अधिक चांगले शोषले जाते. पण मी रोज उलट्या करते, हे डॉक्टरांना माझ्याकडून नव्हे, काकांकडूनच कळले आणि मग थोडे खाऊन गोळी घेण्याची मुभा मिळाली. अनुभव डॉक्टरांच्या जागी बसवा, असे मी म्हणतच नाही. त्यांच्या शेजारी बसवा, एवढेच म्हणते.

ही काही अवास्तव मागणी नव्हे. "ठाण्याला पाठवायला हवा" हा विनोद ज्या १९०१ सालच्या मनोरुग्णालयावरून आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो, त्या मानसिक आजारांच्या क्षेत्रात २०१७ च्या कायद्याने राज्य प्राधिकरणावर मानसिक आजार अनुभवलेल्या व्यक्तींच्या आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या प्रतिनिधींसाठी जागा ठेवल्या आहेत. क्षयरोगाच्या कार्यक्रमातही बऱ्या झालेल्यांना प्रशिक्षण देऊन 'टीबी चॅम्पियन' म्हटले जाते. नाव छानच आहे. पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात येणारी महिना पाचशेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाली, तेही चांगलेच. पण पैसे जमा झाल्याचा संदेश नवऱ्याच्या मोबाइलवर जातो म्हणून आजार लपवलेली सून खाते क्रमांकच देत नाही, हे ती कोणाजवळ बोलेल? पांढऱ्या कोटाजवळ नक्कीच नाही.

आमच्या काकांना मात्र ना मानधन होते, ना रिक्षाभाडे. केंद्रात समुपदेशकासाठी टेबल-खुर्ची होती. काका बाहेर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसत, आणि आम्ही आधी तिथे थांबून मग आत जात असू.