मिशी, नोकरी आणि खोटे बोलण्याचे कारण

सस्नेह नमस्कार.

रोहित शेट्टी यांनी 1979 च्या 'गोलमाल'चा जो रिमेक केला, त्या 'बोल बच्चन'वरील माझा लेख म्हणजे जुन्या चित्रपटांचे देव्हारे माजवण्याचा प्रकार आहे, असे आपण म्हटले आहे. 'अशी ही बनवाबनवी' हाही मुळात रिमेकच असताना रोहित शेट्टी यांना वेगळा न्याय का, आणि 'बोल बच्चन'ला शंभर कोटींचा गल्ला मिळवून देणारे प्रेक्षक मूर्ख होते का, असेही आपण विचारले आहे.

गल्ल्याचा मुद्दा लवकर आटोपतो. चित्रपट चालला, लोक हसले. अजय देवगण यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीला मीही हसलो. पण 'गोलमाल'ची गोष्ट तिथे जमली का, हा माझा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर तिकीटखिडकीवर मिळत नाही.

'बनवाबनवी'चे उदाहरण आपण दिलेत, हे बरे झाले. 1988 च्या या चित्रपटाचे मूळ 1966 च्या 'बीवी और मकान'मध्ये आहे आणि तो हृषीकेश मुखर्जींचा, म्हणजे 1979 चा 'गोलमाल' करणाऱ्याच दिग्दर्शकाचा! सचिन पिळगांवकर आणि संवादलेखक वसंत सबनीस यांनी तो सांगाडा उचलला खरा, पण त्यात पुण्यातली घरटंचाई, भाडेकरूच्या मागे हात धुऊन लागलेले घरमालक सरपोतदार आणि जोडप्यांनाच जागा देणाऱ्या लीलाबाई काळभोर अशी माणसे बसवली, की बेघर मित्रांपैकी परशाने लुगडे नेसण्यावाचून गत्यंतरच उरू नये. डोक्यावर छप्पर हवे, म्हणून खोटे बोलायचे. हे कारण चित्रपट अखेरपर्यंत विसरत नाही.

'गोलमाल'मध्येही तसेच आहे. नायक रामप्रसादला नोकरी हवी आहे आणि नोकरी देणाऱ्या भवानीशंकरांना तरुणांचे खेळांचे वेड, नवी फॅशन व मिशी नसलेला चेहरा यांचा तिटकारा आहे. म्हणून तो आखूड कुडता घालून मुलाखतीला जातो आणि पेलेचे नाव निघाले तरी अनभिज्ञ असल्याचा आव आणतो. पुढे हॉकीच्या सामन्याला गेलेला दिसतो, तेव्हा जुळा भाऊ जन्माला घालावा लागतो. आणि त्या भावाला मिशी नसते. यातली मेख अशी, की भवानीशंकर फसतात ते स्वतःच्या श्रद्धेमुळे. मिशीवर ज्याचा एवढा विश्वास, त्याला ती असणारा आणि नसणारा अशी दोन माणसे खरीच वाटणार. भवानीशंकर झालेल्या उत्पल दत्त यांनी हा हट्ट इतक्या गंभीरपणे वठवला आहे, की शेवटच्या कौटुंबिक छायाचित्रात खुद्द त्यांचीच मिशी गायब दिसते, तेव्हा वेगळ्या संवादाची गरज पडत नाही.

'बोल बच्चन'मध्येही मिशी आहे, पण तिथल्या मालकाचा, म्हणजे अजय देवगण यांच्या पृथ्वीराजचा सारा हट्ट खरे बोलण्याचा असल्यामुळे ती निव्वळ वेषांतराची खूण होऊन राहते. माझी खरी तक्रार मात्र याहून वेगळी आहे. या रिमेकला खोटे बोलण्याचे जे कारण सापडले होते, ते मूळ चित्रपटापेक्षाही जड होते. बुडणाऱ्या मुलाला वाचवण्यासाठी नायक अब्बास वादातल्या देवळाचे कुलूप तोडतो आणि तो मुसलमान आहे हे कळले तर गावात दंगल पेटेल, म्हणून त्याचा मित्र त्याचे नाव अभिषेक बच्चन सांगून टाकतो. रामप्रसादची फार तर नोकरी गेली असती. इथे माणसांचे जीव जाऊ शकतात. एवढा दारूगोळा हाताशी असताना चित्रपट हाणामाऱ्या आणि उडणाऱ्या गाड्यांकडे वळतो, आणि अब्बासच्या नृत्यशिक्षक 'भावा'च्या बायकी हावभावांवर हशे वसूल करत बसतो. नाव कळले तर काय होईल, ही धास्ती मध्यंतराच्या कितीतरी आधीच विरून जाते. अर्चना पूरनसिंग यांनी केलेली नकली आई धमाल आहे, यात वाद नाही. पण 'गोलमाल'मध्ये नकली आई होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत चढणाऱ्या दीना पाठक पाहताना, ही बाई आता पकडली गेली तर पोराची नोकरी जाईल, याची धाकधूक आपल्याला लागून राहते. 'बोल बच्चन'मध्ये तेवढ्यासाठी कुणाचा श्वास अडकत नाही.

तेव्हा जुन्याला हात लावू नये, असे माझे म्हणणे नाही. शेट्टींनी अब्बासची गोष्ट शेवटपर्यंत नेली असती, तर 'गोलमाल'शी तिची तुलना करायला मी बसलोच नसतो.