अमेरिकेचा दाखला द्यायचा तर पुरा द्या

कैदेच्या जागी दंड आणणाऱ्या जनविश्वास कायद्यावरून घरच्या ग्रुपवर पुन्हा वाद पेटला आणि दादाने ठेवणीतलं उत्तर दिलं, "तुमच्या अमेरिकेतच पर्यावरणाचे नियम मोडीत काढताहेत. मग आम्हीच का सोवळं पाळायचं?" हल्ली हे ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. मला त्याची मनापासून चीड येते.

दादा कोकणात, लोट्याला कारखान्यात आहे. नियमांचा जाच त्याला रोज दिसतो, हे मला कळतं. पण बदललं काय, ते तरी बघा. भोपाळनंतर आलेल्या 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. 2023 च्या जनविश्वासने तिथे 10 हजार ते 15 लाखांचा दंड आणला. दंड थकवला तरच कैदेचा प्रश्न. मला त्याहून जास्त खुपतं ते दुसरंच. पूर्वी साठ दिवसांची नोटीस देऊन दाभोळ खाडीतला कुणीही मच्छीमार अशा उल्लंघनाची तक्रार फौजदारी न्यायालयात नेऊ शकत होता. आता निवाडा सरकारी अधिकारी करणार. खटले रखडतात म्हणे. मग न्यायाधीश वाढवा!

आता मी राहते त्या ओहायोतल्या टोलेडोचं ऐका. 2014 च्या ऑगस्टमध्ये नळाचं पाणी पिऊ नका, असा आदेश निघाला. ईरी सरोवरात विषारी शेवाळ माजलं होतं आणि पाणी उकळलं तर विष आणखी दाट होत होतं. जवळपास पाच लाख लोक तीन दिवस बाटल्यांवर जगले. शेवाळ पोसलं मॉमी नदीतून येणाऱ्या शेतांतल्या खतांनी, आणि 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्यात शेतातून वाहून येणाऱ्या पाण्याला सूट आहे. 2019 मध्ये आम्ही मतदान करून सरोवराला कायदेशीर हक्क दिले. ओहायोच्या विधिमंडळाने त्याच उन्हाळ्यात अर्थसंकल्पात कलम घुसवलं की निसर्गाच्या नावाने कोर्टात जाता येणार नाही. पुढच्या वर्षी फेडरल न्यायालयाने आमचा कायदाच रद्द केला. दादा, अमेरिकेचं अनुकरण म्हणजे हेही आलं.

आणि घ्यायचंच तर इथलं साठ दिवसांच्या नोटिशीचं दार घ्या. ते त्याच स्वच्छ पाणी कायद्यात आहे, अजून उघडं आहे, साधा नागरिक कारखान्यावर खटला भरतो. खरं तर आपल्याला कुणाकडून शिकायची गरज नव्हती. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा 1969 मध्येच केला, इथल्या या कायद्याच्या तीन वर्षं आधी. हे मी इथल्या सभांमध्ये अभिमानाने सांगते.

"तू तिथे राहत नाहीस" हे दादाचं शेवटचं अस्त्र. ते लागतं. इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा तिथलं मत गेलं. ईरीवर बोलले की इथले लोक माझं मूळ गाव विचारतात. खाडीवर बोलले की घरचे मला अमेरिकेची ठरवतात. पण त्या खाडीच्या माशांवर आम्ही दोघं वाढलो. तिच्याबद्दल बोलायला मतदार यादीत नाव लागत असेल, तर ज्याचं नाव आहे त्या दादाने बोलावं.