ती आडवी काडी राहू दे

रविवारी सकाळी शंकरनगर चौकातल्या आमच्या टपरीवर तर्री पोहे येईपर्यंत मी मोबाइलवर फोटो दाखवत होतो. ऑगस्टमधलं रामटेकच्या बाजूचं जंगल. ढगाळ सकाळ, ओले साग, मधे पांढऱ्या खोडाचं एक कुलूचं झाड, त्याच्या पुढ्यात मोडून लटकलेली फांदी आणि वेलींचा गुंता.

बाल्यानं फोटो मोठा करून पाहिला. "वाघ कुठाय बे याच्यात?"

"वाघ नाही."

"मग काहून काढला? नुसता कचरा दिसून राहिला. ही काडी तर बरोबर मधातून गेली. ॲपमधे टाक, दोन सेकंदात साफ."

बाल्या लग्नाचे फोटो काढतो, आणि उत्तम काढतो. मागचं सगळं धूसर करून चेहरा उठवणं त्याच्या हातात बसलंय. नजरेला टेकायला जागा पाहिजे, हे त्याचं मला मान्यच आहे. पण ती जागा साफसफाई करून मिळवायची की शोधून काढायची, यावर आमचं वाजलं.

त्या कुलूसमोर मी पाऊण तास होतो. आधी तीन सागांची खोडं एकमेकांवर चढत होती. दोन पावलं डावीकडे सरकलो तेव्हा सुटी झाली. ऊन असतं तर पानापानावर पांढरे ठिपके आणि खाली काळोख दिसला असता. ढगांमुळे उजेड सगळीकडे सारखा पसरला होता. लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवला, ओल्या पानांची चकाकी उतरली आणि आतला हिरवा रंग वर आला. काडी मला तेव्हाच दिसली होती. नजर तिच्यावरूनच कुलूपर्यंत जाते, म्हणून ठेवली.

"मले नाही वाटत," बाल्या म्हणाला.

शेजारी बसलेल्या काकांची सगळी नोकरी जंगलात गेली. ते म्हणाले, "तुमाले साफ जंगल पायजे तर सागाच्या रोपवनात जा. सरळ रांगा, एकाच वयाची झाडं. फोटो झकास येईल. पण म्हातारं, पोकळ झाड नाही भेटणार. मग धनेशानं घरटं कुठं करावं?" मग ते रानपिंगळ्यावर, म्हणजे जंगलातल्या एका छोट्या घुबडावर आले. 1884 नंतर शंभरावर वर्षं त्याचा पक्का पुरावाच नव्हता, संपला असंच लोक धरून चालले होते. 1997 साली तो शहाद्याजवळ सापडला, पुढे आपल्या मेळघाटातही. "तो झाडाच्या ढोलीत अंडे घालते. तुमी ज्याले कचरा म्हणता ना, ते त्याचं घर आहे."

"पटलं काका," ताई म्हणाली, "पण पसाऱ्यात घाणेरीही आली. बागेच्या शोभेसाठी परदेशातून आणलेली, आता जंगलात दुसरं काही उगवू देत नाही. तिलाही सुंदर म्हणायचं का?"

मी पुन्हा फोटो पाहिला. उजव्या कोपऱ्यात घाणेरी होतीच, फुलांसकट. काढताना मला ती फक्त हिरवळ वाटली होती. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. तिला सुंदर म्हणवत नाही, पण फोटोतून पुसणारही नाही. ती तिथं आहे, आणि पाहणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

तेवढ्यात बाल्यानं माझ्याच मोबाइलवर काडी पुसून दाखवली. ताईला तो फोटो जास्त आवडला. काकांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ खोडाकडे पाहिलं. कुलूची साल कागदासारखी सुटत असते. काडी होती त्या जागी ॲपनं गुळगुळीत पट्टा भरला होता.

"हे कोणतं झाड आहे बा?" काकांनी विचारलं.